अखेरच्या घटकेची क्षमा

आयुष्यभर वाट चुकलेल्या माणसाने मरणाच्या दारात पश्चात्ताप केला, तर देव त्याला पदरात घेतो का? ख्रिस्ती श्रद्धा म्हणते, हो. पश्चात्ताप मात्र मनापासूनचा हवा.

याचा आधार लूकच्या शुभवर्तमानाच्या २३व्या अध्यायात आहे. येशूसोबत दोन गुन्हेगार क्रुसावर चढवले जातात. एक त्याची निंदा करतो. दुसरा आपला गुन्हा कबूल करतो आणि माझी आठवण ठेव, एवढेच मागतो. येशू त्याला त्याच दिवशी स्वर्गसुखाचे वचन देतो.

याच श्रद्धेतून घरात कुणी अत्यवस्थ झाले की कॅथलिक कुटुंबे धर्मगुरूंना बोलावतात. ते पापकबुली ऐकतात, रुग्णाच्या कपाळाला आणि हातांना पवित्र तेल लावतात, शक्य असल्यास कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, देतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाळक उशाशी बसून शास्त्रवचने वाचतात, प्रार्थना करतात. तारण, म्हणजे पापातून सुटका, कर्माने कमवायचे नसून विश्वासाने स्वीकारायचे, ही त्यांची शिकवण.

पण शेवटी बघू, म्हणून चुकीचे वागत राहायला क्षमेची ही कृपा मुभा देत नाही. अखेरची घटका कधी येईल आणि तेव्हा शुद्ध असेल का, हे कुणालाच ठाऊक नसते. म्हणून आजाऱ्याच्या घरच्यांनी धर्मगुरूंना किंवा पाळकांना वेळेवर कळवावे. आणि ज्यांना आपण दुखावले, त्यांची क्षमा धडधाकट असतानाच मागावी.