एकच पाषाण, दोन जमिनी

(सटाणा येथील शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



डाळिंबाची पाने पिवळी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की लोहाची कमतरता आहे असे आपण म्हणतो. पण बागलाणच्या काळ्या दगडात लोह भरपूर आहे. मग ते झाडाला का मिळत नाही? याचे उत्तर आपल्या हवामानात आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून हा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. महाबळेश्वरचा मूळ दगडही हाच. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि त्याहून जास्त मुळांनी सोडलेला कर्बवायू विरघळतो. त्यामुळे पाणी किंचित आंबट होते आणि दगड हळूहळू कुजवते. त्यातून चुना, मॅग्नेशियम, सोडियम व पालाश सुटे होतात.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सुटी झालेली ही द्रव्ये ओढ्या-नद्यांतून वाहून जातात. मागे उरतात लोह व ॲल्युमिनियम, म्हणून तिथे तांबडा जांभा दिसतो. सटाण्याला पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. पाणी हात-दोन हात खाली मुरते आणि पुन्हा उडून जाते. चुना मात्र तिथेच बसतो. विहीर खणताना लागणारे पांढरे खडे ते हेच. त्यांची भुकटी करून वर लिंबू पिळा, फसफसेल. अशा चुनखडीच्या जमिनीचा सामू ८ च्या वर जातो. मग लोह जमिनीत असूनही विरघळत नाही, आणि स्फुरदही चुन्याशी बांधला जातो.

आता नदीचे खोरे पाहा. डोंगरउतारावरची माती आणि क्षार खाली उतरतात. म्हणून माथ्याला मुरमाड, तर आरम, मोसम आणि गिरणेच्या काठी खोल काळी जमीन. आरम-मोसमचे पाणी गिरणेतून तापीला आणि तापीतून समुद्राला मिळते. पाऊस कमी असला, की हे क्षार समुद्रापर्यंत पोहोचत नाहीत; ते सखल शेतात व विहिरीत साठतात.

येथे एक हिशेब लक्षात ठेवा. एक एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारे एक लाख लिटर. त्या पाण्यात लिटरमागे एक ग्रॅम क्षार असेल, तर एका पाळीत १०० किलो क्षार शेतात येतात. वीस पाळ्यांत दोन टन! पाणी उडते, क्षार राहतात.

म्हणून बाग लावण्यापूर्वी एक मीटर खोल खड्डा खणून पाहा. चुनखडीचा थर वर असेल, तर ती जागा फळबागेसाठी टाळा. सपाटीकरणात हा थर उपसून वरच्या मातीत मिसळू नका. माती-परीक्षणात सामूबरोबर मुक्त चुना व क्षारताही तपासून घ्या. विहिरीचे पाणी उन्हाळ्यात तपासा. हिराकस नुसता टाकण्याऐवजी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून द्या. शेवटी, सखल शेताला चर काढा. पावसाने जे काम अर्धे सोडले, ते निचऱ्याने पुरे करावे लागते.

आपण दगड बदलू शकत नाही, पाऊसही नाही. चुना कुठे बसला आहे हे मात्र एका खड्ड्यात दिसते. रोपांचे पैसे मोजण्याआधी तो खड्डा खणा.