प्रत्यारोपित मूत्रपिंड आणि विषाणुसंसर्ग : औषधांच्या समतोलाचा प्रश्न

(व्याख्यानाचा संपादित अंश)

मूत्रपिंड प्रत्यारोपणाची चर्चा आपल्याकडे बहुधा शस्त्रक्रियेपाशी येऊन थांबते. दाता मिळाला, शस्त्रक्रिया यशस्वी झाली, रुग्ण घरी गेला, म्हणजे कार्य तडीस गेले अशी समजूत असते. वास्तविक रुग्णाच्या दृष्टीने एक दीर्घ वाटचाल तेथून सुरू होते. शरीराने परके मूत्रपिंड नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे त्याला ते मूत्रपिंड कार्यरत असेपर्यंत दररोज, ठरलेल्या वेळी घ्यावी लागतात. या औषधांमुळे मूत्रपिंड टिकते. परंतु विषाणूंशी झुंजणारी शक्तीही त्यांच्यामुळेच क्षीण होते. संसर्ग झाला असता औषधे चालू ठेवावीत, कमी करावीत की थांबवावीत, हा प्रत्यारोपणशास्त्रातील एक अवघड प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

२३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. दाता व रुग्ण एकसारखे जुळे भाऊ असल्याने तेथे नकाराचा प्रश्न उद्भवला नाही. इतरांसाठी मात्र औषधांचा शोध आवश्यक होता. अ‍ॅझाथायोप्रिन व स्टिरॉइड यांनी मार्ग खुला केला. नॉर्वेतील मातीच्या नमुन्यात आढळलेल्या बुरशीपासून मिळालेल्या सायक्लोस्पोरिनला १९८३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि प्रत्यारोपणाचे यश लक्षणीयरीत्या वाढले. पुढे जपानमध्ये शोधलेले टॅक्रोलिमस आणि त्यानंतर मायकोफेनोलेट यांची भर पडली. भारतात १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याकडून मिळालेल्या मूत्रपिंडाचे यशस्वी प्रत्यारोपण झाले.

तीन औषधे, तीन कार्ये

आज बहुसंख्य रुग्णांना तीन औषधे एकत्रित दिली जातात. टॅक्रोलिमस हे 'टी' पेशींना सक्रिय करणारा संदेश रोखते. मायकोफेनोलेट लिम्फोसाइट पेशींची संख्यावाढ थांबवते. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दाहप्रक्रिया शमवते. संसर्गकाळातील निर्णय या कार्यविभागणीवरच आधारलेला असतो. विषाणूशी लढण्यासाठी लिम्फोसाइट पेशी वेगाने वाढाव्या लागतात. म्हणून सर्वप्रथम मायकोफेनोलेट कमी केले जाते किंवा काही काळ थांबवले जाते. नकारापासून मुख्य संरक्षण देणारे टॅक्रोलिमस शक्यतो चालू ठेवले जाते. प्रकृती गंभीर झाल्यास त्याचीही मात्रा घटवतात किंवा ते तात्पुरते बंद करतात. स्टिरॉइड मात्र एकाएकी बंद करता येत नाही. दीर्घकाळ ते घेतलेल्या शरीरातील अधिवृक्क ग्रंथींचे स्वतःचे स्रवण मंदावलेले असते. अशा वेळी औषध तोडल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या उतरू शकतो.

विषाणूगणिक बदलणारे धोरण

सर्व विषाणूंना एकच नियम लागू पडत नाही. सायटोमेगॅलोव्हायरस अनेकांच्या शरीरात सुप्तावस्थेत असतो आणि प्रतिकारशक्ती दबली की डोके वर काढतो. त्यावर व्हॅलगॅन्सायक्लोविर हे प्रभावी औषध आहे. जोखमीच्या रुग्णांना ते प्रत्यारोपणानंतर सुरुवातीचे ३ ते ६ महिने प्रतिबंधक म्हणूनही देतात. मात्र मायकोफेनोलेटप्रमाणे हेही पांढऱ्या पेशी घटवत असल्याने रक्ततपासणी वारंवार करावी लागते.

बीके विषाणूची गोष्ट वेगळी आहे. १९७१ मध्ये प्रथम वर्णिलेल्या या विषाणूला मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाच्या आद्याक्षरांवरून नाव मिळाले. तो प्रत्यारोपित मूत्रपिंडावरच आघात करतो आणि त्याच्यावर खात्रीचे विषाणुरोधक औषध आजही उपलब्ध नाही. प्रतिकारदमन कमी करणे हाच त्यावरचा मुख्य उपचार होय. येथे विलंब झाल्यास मूत्रपिंड गमावण्याची वेळ येते. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत लक्षणांची वाट न पाहता रक्तात या विषाणूचा शोध घेतला जातो.

भारतात डेंग्यूचाही विचार अपरिहार्य ठरतो. डेंग्यूत बिंबाणू व पांढऱ्या पेशी घटतात आणि मायकोफेनोलेटमुळे ही घट अधिक तीव्र होऊ शकते. तापावर पॅरासिटामॉल द्यावे. आयबुप्रोफेन वा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके रक्तस्राव व मूत्रपिंड या दोन्ही दृष्टींनी टाळावीत.

कोविडने दिलेला धडा

२०२० मध्ये कोविड-१९ ची साथ आली तेव्हा या प्रश्नाने व्यापक रूप धारण केले. जगभरच्या प्रत्यारोपण केंद्रांनी सर्वसाधारणपणे वर सांगितलेलाच क्रम अनुसरला : मायकोफेनोलेट थांबवणे, टॅक्रोलिमस परिस्थितीनुसार चालू ठेवणे वा घटवणे आणि स्टिरॉइड कायम राखणे. पुढे निर्मात्रेल्विर-रिटोनाविर हे औषध उपलब्ध झाले तेव्हा एक नवी अडचण पुढे आली. रिटोनाविर हे टॅक्रोलिमसचे विघटन करणाऱ्या यकृतातील विकराला रोखते. परिणामी टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण अनेक पटींनी वाढून मूत्रपिंडास इजा पोहोचू शकते. असे उपचार देताना टॅक्रोलिमस थांबवून प्रमाण मोजत राहणे अगत्याचे ठरते. बुरशीरोधक फ्लुकोनाझोल व क्लॅरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविकेही हे प्रमाण वाढवतात. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन उलट ते घटवते. जुलाबामुळेही टॅक्रोलिमसचे शोषण वाढून प्रमाण चढू शकते.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या रुग्णांना गाठले. मे २०२१ मध्ये केंद्र शासनाने हा आजार अधिसूचित करण्याची सूचना राज्यांना केली. लसीकरणात १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयोगटातील ज्या सहव्याधिग्रस्तांना प्राधान्य मिळाले, त्यांत मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले रुग्णही समाविष्ट होते. मात्र या रुग्णांत लसीचा प्रतिसाद निरोगी व्यक्तींच्या तुलनेत क्षीण आढळला. म्हणून शक्य त्या लसी प्रत्यारोपणापूर्वीच देणे श्रेयस्कर; प्रत्यारोपणानंतर जिवंत विषाणूंच्या लसी सामान्यतः वर्ज्य मानल्या जातात.

जीव की मूत्रपिंड?

येथे एक कठोर प्रश्न उपस्थित होतो. संसर्ग तीव्र झाल्यास प्राधान्य कशाला द्यावे? वैद्यकशास्त्राचे उत्तर निःसंदिग्ध आहे : प्रथम जीव. यकृत निकामी झाल्यास त्यास दीर्घकाळचा पर्याय नसतो. मूत्रपिंड निकामी झाल्यास डायलिसिसचा आधार असतो. तथापि हे उत्तर देणे सोपे, सोसणे कठीण. भारतात बहुतांश प्रत्यारोपणे जिवंत दात्यांकडून होतात आणि या दात्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक आहे. आईने वा पत्नीने दिलेले मूत्रपिंड गेले तर दुसरे सहजासहजी मिळत नाही.

याच भीतीपोटी काही रुग्ण संसर्गातही सर्व औषधे पूर्ण मात्रेत घेत राहतात आणि वैद्यांना कळवीत नाहीत. तर काही जण ऐकीव सल्ल्याने सर्वच औषधे एकदम सोडतात. दोन्ही मार्ग घातक आहेत. मात्रा कमी करणे ही तात्पुरती उपाययोजना असून लक्षणे ओसरल्यावर क्रिएटिनीन व टॅक्रोलिमसचे प्रमाण पाहत औषधे टप्प्याटप्प्याने पूर्ववत करावी लागतात. टॅक्रोलिमसच्या तपासणीसाठी रक्त सकाळची मात्रा घेण्यापूर्वी द्यावे, ही साधी गोष्टही निर्णयाची अचूकता ठरवते.

धोरणात्मक बाजू

सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय आहे. म्हणूनच मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम, १९९४ हा गोवा, हिमाचल प्रदेश व महाराष्ट्र यांच्या विधिमंडळांनी ठराव केल्यावर संविधानाच्या अनुच्छेद २५२ अन्वये संसदेने संमत केला. २०११ मध्ये त्यात सुधारणा झाली आणि २०१४ मध्ये नवे नियम आले. देशातील अवयव प्रत्यारोपणांची संख्या २०१३ मध्ये ५,००० च्या आत होती. २०२३ मध्ये ती १८,००० च्या वर गेली. २०१६ मध्ये आरंभलेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालयांपर्यंत ही सेवा नेली. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना प्रत्यारोपणोत्तर औषधांसाठी दरमहा १०,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे.

तथापि संख्यावाढीबरोबर देखभालीची व्यवस्थाही विस्तारली पाहिजे. प्रत्यारोपण केंद्रे मोठ्या शहरांत एकवटली आहेत, तर रुग्ण शेकडो किलोमीटर दूरच्या गावी राहतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली तेव्हा हे अंतर प्रकर्षाने जाणवले. ताप आल्यावर तो ज्या स्थानिक डॉक्टरकडे जातो, त्यास औषधांच्या आंतरक्रियांची माहिती असणे, टॅक्रोलिमसची चाचणी जिल्हा पातळीवर होणे आणि दूरवैद्यक सेवेद्वारे मूळ केंद्राशी तत्काळ संपर्क साधता येणे, या तीन गोष्टी साध्य झाल्या तर अनेक मूत्रपिंडे वाचू शकतील. दात्याने दिलेल्या अवयवाची खरी कदर शस्त्रक्रियेनंतरच्या या अखंड दक्षतेतच आहे.