गिनिपिग गज का चावतो?



मुंबई-पुण्यातच नव्हे, तर आता तालुक्याच्या गावांतही गिनिपिग पाळणारी घरं दिसू लागली आहेत. कुत्रा सोसायटीत चालत नाही, मांजर आजीला नको असतं, मग मुलांच्या हट्टापायी हा गुबगुबीत, बिनशेपटीचा जीव घरी येतो. पहिले काही दिवस कौतुकात जातात आणि मग तक्रारी सुरू होतात. चार्जरची वायर कुरतडली, सोफ्याच्या खालचं कापड फाडलं, चटईची कड खाल्ली. रात्री दीड वाजता पिंजऱ्याचे गज असे खडखडवतो की शेजारीसुद्धा उठतात. माझ्या दवाखान्यात येणारे आईवडील बहुतेक एकच प्रश्न विचारतात, डॉक्टर, याची ही खोड मोडायची कशी?

माझं उत्तर त्यांना सुरुवातीला आवडत नाही. ही खोड मोडता येत नाही, आणि मोडायच्या मागेही लागू नये. त्याच्या तोंडात काय जातं, तेवढं मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. आज मी त्याबद्दलच बोलणार आहे.

आधी त्याचे दात समजून घेऊ. गिनिपिगला वीस दात असतात. पुढे चार पटाशीचे, पांढरेशुभ्र. सुळे नाहीतच, तिथे मोकळी जागा असते. मागे दोन्ही जबड्यांत मिळून सोळा दाढा. हे वीसच्या वीस दात जन्मभर वाढत राहतात. आपल्या दातांची वाढ एका वयानंतर थांबते, याच्या दातांची मुळं कधी बंदच होत नाहीत. पिल्लाचे दुधाचे दात तर आईच्या पोटातच येतात आणि तिथेच जिरून जातात. साधारण नऊ-दहा आठवडे गर्भात काढून ते बाहेर येतं ते डोळे उघडे, अंगभर केस आणि पक्के दात घेऊनच. जन्मल्या दिवशीच ते गवताची काडी चघळायला लागतं. ज्या प्राण्याची तयारी पहिल्या दिवसापासून अशी असते, त्याला 'चावू नकोस' म्हणणं म्हणजे जगू नकोस म्हणण्यासारखं आहे.

आता एक गैरसमज. दात वाढतात म्हणून तो गज चावतो, चावू दे, दात झिजतील, असं पुष्कळ जण समजतात. दुकानदारही तेच सांगतात. पण खरी अडचण पटाशीच्या दातांची फारशी नसते, ती दाढांची असते. खालच्या दाढा आत, जिभेच्या बाजूला कललेल्या असतात आणि वरच्या बाहेर, गालाकडे. त्या एकमेकींवर घासल्या गेल्या नाहीत तर खालच्या दाढा वाढत वाढत जिभेवर कमान धरतात. जीभ त्या कमानीखाली अडकते आणि समोर आवडतं खाणं असूनही प्राण्याला गिळता येत नाही. मालक सांगतात, भूक आहे हो, धावत येतो, तोंड लावतो आणि टाकून देतो. हनुवटी लाळेने ओली झालेली असते. तोंड उघडून पाहिलं की कारण समोर दिसतं.

या दाढा झिजवतं ते गवत. गवताच्या पात्यात सिलिकाचे बारीक कण असतात आणि चिवट धागेही असतात. तुमच्या गिनिपिगला एकदा हरळीची लांब काडी देऊन शांतपणे बघा. तो एक टोक पटाशीच्या दातांत धरतो आणि शिवणयंत्राखाली कापड सरकत जावं तशी ती काडी न थांबता आत सरकत जाते. गाल भरभर हलतात, कारण मागे दाढांचं दळण चालू असतं. आणि आता तोच प्राणी गज चावताना बघा. गज पटाशीच्या दातांत पकडतो, मान वर झटकतो, ओढतो, सोडतो, पुन्हा पकडतो. दाढांचा या सगळ्यात काही संबंधच येत नाही. उलट पुढच्या दातांचे टवके उडतात, ते तिरके वाढू लागतात आणि गजावरच्या रंगाचे पापुद्रे पोटात जातात. लाकडाच्या ठोकळ्याचंही तेच. ठोकळा करमणुकीला चांगला असतो, पण गवताची जागा तो घेऊ शकत नाही.

म्हणून गज चावणाऱ्या गिनिपिगच्या मालकाला मी पहिला प्रश्न विचारते, गवत किती देता? उत्तर बहुधा 'चिमूटभर' असंच असतं. बाजारात टिमोथी नावाचं वाळलेलं गवत पाकिटात मिळतं. ते थंड देशांत होतं, इथे आयात होऊन येतं, महाग पडतं, म्हणून लोक ते चटणीसारखं पुरवून पुरवून घालतात. गिनिपिगला दिवसाला स्वतःच्या अंगाएवढा ढीग लागतो आणि तो चोवीस तास समोर हवा. गवत हे त्याचं जेवण, बाकी सगळं तोंडीलावणं.

टिमोथी परवडत नसेल तर महाराष्ट्रात गवताला तोटा नाही. हरळी, म्हणजे आपल्या दूर्वा, तो आवडीने खातो. मारवेल आहे, पवना आहे. तबेल्यांना गवताचे भारे पुरवणारे लोक शहराच्या कडेला असतात, त्यांच्याकडे चौकशी करा. पण निवड डोळसपणे करावी लागते. आपल्या माळरानावर कुसळी गवत माजतं. त्याची कुसळं पायजम्याला कशी चिकटतात हे गावाकडच्या श्रोत्यांना सांगायला नको. तीच कुसळं गिनिपिगच्या ओठात, हिरडीत, डोळ्यात घुसतात आणि तिथे पू होतो. म्हणून कुसळं धरण्याआधी कापलेलं गवत घ्यावं, सावलीत वाळवावं आणि पिंजऱ्यात घालण्याआधी हाताने विंचरून पाहावं. वास घ्या. चांगल्या गवताला गोडसर वास येतो, कुबट वास आला तर तो भारा सरळ बाहेर टाका. पावसाळ्यात बुरशी फार लवकर धरते, तेव्हा पोतं जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा.

बाजारातल्या दूर्वांवर फवारणी झालेली असू शकते, त्या धुऊन आणि थोड्या देऊन सुरुवात करा. रस्त्याच्या कडेचं गवत नको. कोवळी हिरवी ज्वारी तर अजिबात नको. तिने गुरं दगावतात हे शेतकऱ्याला माहीत असतं, शहरातल्या माणसाला नसतं. वाळलेल्या कडब्याची पानं मात्र चालतात. लसूणघासात कॅल्शियम फार, मोठ्या गिनिपिगला रोज घातला तर मूत्राशयात खडे होण्याचा धोका. तो सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांसाठी आणि गाभण मादीसाठी ठेवा.

एक जुनी गोष्ट इथे सांगितली पाहिजे. 1907 साली नॉर्वेत अॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक या दोघा संशोधकांनी गिनिपिगना नुसतं धान्य खाऊ घातलं. ते अभ्यास करत होते खलाशांच्या बेरीबेरीचा, पण गिनिपिगना झाली स्कर्व्ही. हिरड्यांतून रक्त, सांधे सुजलेले, दात खिळखिळे. माणसाप्रमाणेच गिनिपिगच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, त्यामुळे हे घडलं. आज पोळीचा तुकडा, बिस्किट, भिजवलेले हरभरे आणि सशाचा खुराक यांवर वाढणारे गिनिपिग मी पाहते, तेव्हा नकळत तोच प्रयोग घरोघर चाललेला असतो. हिरडी दुखली की तो चिवट गवत टाळतो, गवत टाळलं की दाढा वाढतात. एक बिघाड दुसऱ्याला खेचून आणतो. रोज ढोबळी मिरचीच्या दोन-तीन फोडी आणि कोथिंबीर दिली तरी बरंच काम होतं. पेरूत क जीवनसत्त्व भरपूर, पण साखरही आहे, म्हणून आठवड्यातून एखादी फोड पुरे. पाण्यात क जीवनसत्त्वाचं औषध टाकण्यावर विसंबू नका, उजेडात आणि हवेत ते टिकत नाही.

गवत भरपूर आहे आणि तरीही गज खडखडतात, असं झालं तर पिंजरा बघा. हा प्राणी दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या मुलखातला. तिथल्या लोकांनी तो हजारो वर्षांपूर्वी माणसाळवला. त्याचे रानटी भाऊबंद गवतात वाटा पाडून कळपाने राहतात. तो रात्रभर गाढ झोपत नाही, डुलक्या घेतो आणि बाकीचा वेळ जागा असतो. अशा जिवाला दोन फुटी पिंजऱ्यात एकटं ठेवायचं आणि वर शांत बस म्हणायचं, हे मला पटत नाही. दोघांना किमान चार फूट बाय दोन फूट मोकळी, सपाट जागा द्या. खाली जाळी नको, पायांना जखमा होतात. आणि हो, दोघांना. स्वित्झर्लंडने 2008 पासून गिनिपिग एकटा ठेवायला कायद्यानेच मनाई केली आहे. आपल्याकडे असा कायदा नाही, पण प्राणी तोच आहे. दोन माद्या एकत्र सुखाने राहतात. नर-मादी ठेवायचे असतील तर नराची शस्त्रक्रिया आधी करून घ्या, नाहीतर वर्षभरात घर पिल्लांनी भरेल. सोबत्याचे केसच कुरतडून टाकणारा एखादा असतो, तिथेही गवत कमी आहे का आणि जागा अपुरी आहे का, हेच आधी तपासायचं.

काही गिनिपिगना मात्र गज चावायला आपणच शिकवतो. विळीवर काकडी चिरल्याचा आवाज, फ्रिजचं दार, प्लॅस्टिकच्या पिशवीची चुरचुर ऐकली की तो शीळ घालतो आणि गज धरतो. आवाज नको म्हणून आपण चटकन कोथिंबिरीची काडी पुढे करतो. त्याने काय शिकावं? गज चावला की कोथिंबीर मिळते. भाजी ठरलेल्या वेळी द्या आणि तो गजापासून दूर असताना द्या. मध्ये काही दिवस आवाज वाढेल, घरातल्या सगळ्यांनी तेवढे काढायचे. एका आजोबांनी चोरून दिलेली काडी सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

करमणुकीसाठी तुतीची किंवा पेरूची फवारणी न झालेली फांदी द्या, बांबूचा तुकडा द्या. पुठ्ठ्याचं खोकं उत्तम, पण टेप आणि पिना काढून. कण्हेर आणि मनी प्लांट त्याच्या वाटेत नकोत. प्लायवूड, रंगवलेली खेळणी, धागे सुटणारं कापड हेही नको. त्याला उलटी करता येत नाही, गिळलेलं तिथेच अडकतं. चाटायला म्हणून विकतात त्या मिठाच्या वड्यांची काही गरज नाही.

वायरींचं काय करायचं? तो बाहेर फिरतो ती खोली आधी आपण जमिनीवर बसून, त्याच्या उंचीवरून बघायची. टीव्हीमागच्या, राउटरच्या, चार्जरच्या वायरी वर उचला, उचलता येत नसतील तर केसिंग पट्टीत घाला. मिरचीची पूड, हिंग, कडू फवारे यांच्या नादी लागू नका. कित्येकांना कडू चवीचं काही वाटत नाही आणि मिरची डोळ्यात गेली तर नसता ताप. मारणं, टाळ्या वाजवणं तर नकोच, तो फक्त तुम्हाला घाबरायला शिकतो. वायर चावताना झटका बसला तर आधी बटण बंद करा, मग त्याला हात लावा. नंतर तो बरा दिसला तरी दवाखान्यात न्या, कारण फुप्फुसात पाणी होऊन श्वासाचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.

शेवटी सांगते ते कृपया नीट लक्षात ठेवा. गिनिपिग चावतोय म्हणून घाबरू नका, तो चावायचा थांबला तर घाबरा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर आठवड्याला त्याचं वजन करून वहीत लिहा. वजन उतरतंय, हनुवटी ओली आहे, लेंड्या बारीक किंवा कमी झाल्या आहेत, तर दात बघायला हवेत. नेलकटरने दात कापून देणाऱ्याकडे नेऊ नका. दात उभा चिरतो, आणि दाढा तर तशा दिसतही नाहीत. मे महिन्याच्या उन्हाळ्यात सत्तावीस अंशांच्या वर पारा गेला की त्याला त्रास होऊ लागतो, तेव्हा जास्तच लक्ष ठेवा. अर्धा दिवस काहीच खाल्लं नसेल तर सकाळची वाट न पाहता निघा, कारण त्याचं आतडं रिकामं राहिलं की बंद पडतं. नेताना सोबत्यालाही त्याच खोक्यात न्या, गवत घाला. आणि डॉक्टर रोज कुत्र्या-मांजरांनाच तपासणारे असतील तर दोन गोष्टी विचारायला संकोचू नका. एक, भूल द्यायची झाली तर याला उपाशी ठेवायचं नाही ना? दुसरी, तोंडाने द्यायच्या औषधात पेनिसिलीनच्या जातीचं काही नाही ना? ते त्याच्या पोटातले उपयोगी जंतू मारतं आणि त्यातच तो जाऊ शकतो.