गाठीचा स्वभाव



मी पॅथॉलॉजिस्ट. रुग्णापेक्षा तिची गाठच मला जास्त भेटते. म्हणून आज एका शोधनिबंधाबद्दल सांगते.

1987 साली लॉस एंजेलिसच्या डेनिस स्लॅमन आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या 189 गाठी तपासल्या. सुमारे 30 टक्के गाठींत हर-टू या जनुकाच्या जादा प्रती निघाल्या, आणि त्या बायकांचा आजार लवकर उलटत होता. (आता हे प्रमाण 15 ते 20 टक्के धरतात.) आजाराचं नाव एकच, स्वभाव मात्र वेगळा! बातमी वाईटच, पण औषधाला नेम धरायला जागा तिथेच सापडली. 1998 मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅबला मान्यता मिळाली.

आपण सगळे आता पन्नाशीपुढचे. कुणाच्या घरी असा रिपोर्ट आला, तर 'कॅन्सर आहे का' एवढ्यावर थांबू नका. ईआर, पीआर, हर-टू काय आलं ते विचारा. हर-टू 'टू प्लस' असेल तर फिश तपासणी झाली का, तेही विचारा. उपचार त्यावर ठरतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल, तर लॅबमधून गाठीचा मेणातला ब्लॉकही मागून न्या. तो उन्हात गाडीत मात्र ठेवू नका. मेणच ते, वितळतं.