दुकानाचे दार आणि दुकानदाराचे देणे



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान असे भारदस्त विषय ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्यांपुढे आम्ही दुकानाच्या दारावर बोलायला उभे राहिलो, हे पाहून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. पण तत्त्वज्ञानाची आठवण आपणांस आठवड्यातून एकदा होत असेल. दुसऱ्याचा उंबरठा मात्र आपण दिवसातून दहादा ओलांडतो. तो ओलांडताना कोणाचे डोके फुटले किंवा मुलाचे बोट चिरडले, तर तो भार कोणी वाहायचा? आजचा प्रश्न एवढाच आहे.

जुन्या पेठेत हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. गिऱ्हाईक ओट्यावर टेकायचे आणि माल त्याच्यापुढे यायचा. आता माल जागेवर राहतो व गिऱ्हाईक त्याच्यापाशी जाते. लाकडी फळ्या जाऊन शटर आले, शटरामागे काचेचे दार आले, आणि माणसाची चाहूल लागताच आपोआप सरकणारे दारही आले. ‘जगात जर्मनी आणि भारतात परभणी’ असे मिरवणाऱ्या आपणांस यंत्राचे भय नाही, हे चांगलेच आहे. पण यंत्र पैसे टाकून घरी आणता येते. त्याची दक्षता रोज पाळावी लागते.

आपोआप सरकणारे हे दार 1954 साली अमेरिकेच्या टेक्सास प्रांतात हॉर्टन आणि ह्यूइट या दोघांनी योजले. समुद्रकाठच्या वाऱ्यात झुलती दारे आवरत नसत, म्हणून बाजूला सरकणारे दार त्यांना सुचले. पायाखालच्या चटईवर वजन पडले की ते उघडे. आज चटईचे काम संवेदक करतात. त्यांना आपण दाराचे डोळे म्हणू. एक डोळा येणारा माणूस पाहून दार उघडतो. दुसरा उंबरठ्यावर कोणी उभे असेल तर दार मिटू देत नाही. पहिला डोळा अधू झाला तर माणूस बाहेर ताटकळतो. दुसरा अधू झाला तर माणूस दारात सापडतो. म्हातारी आजी हळू चालते, लहान मूल मध्येच थबकते, आणि दाराची परीक्षा नेमकी तेथे होते. शिवाय वीज गेली तर दार हाताने सरकले पाहिजे. भारनियमन भोगलेल्या मराठवाड्याला हे वेगळे सांगणे न लगे.

साध्या काचेची गोष्ट याहून बिकट आहे. मे महिन्याच्या उन्हातून सावलीत शिरणाऱ्या माणसाला क्षणभर काही दिसत नाही, आणि लख्ख पुसलेली काच तर नाहीच दिसत. केरळात पेरुंबावूर येथे जून 2020 मध्ये एक बाई बँकेतून लगबगीने बाहेर पडताना काचेच्या दारावर आदळली. काच फुटून तिच्या पोटात शिरली आणि तिचा प्राण गेला. साधी काच फुटते तेव्हा तिचे सुऱ्यासारखे लांब तुकडे होतात; तावून कठीण केलेल्या काचेचे बारीक, बोथट खडे होतात. जीव जाणे आणि खरचटणे यांत कित्येकदा एवढेच अंतर असते.

आता कायदा. 1866 साली इंग्लंडात ‘इंडरमॉर विरुद्ध डेम्स’ हा खटला गाजला. साखरेच्या कारखान्यात कामासाठी आलेला गॅसचा कारागीर कठडा नसलेल्या पोकळीतून खाली पडला. न्यायालयाने ठरविले की, आपल्या व्यवहारासाठी ज्याला आत येऊ दिले, त्याला ठाऊक नसलेल्या धोक्यापासून जपणे हे जागेच्या मालकाचे कर्तव्य आहे. आपल्याकडे 1951 साली दिल्लीत चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे दगावली. 1966 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा भार नगरपालिकेवर टाकला. मनोरा आपण होऊन पडत नाही. त्याचे पडणेच निष्काळजीपणाची साक्ष देते, असा त्या निकालाचा आशय होता.

आमचे म्हणणे असे की, दुकानदाराने दार उघडे ठेवले म्हणजे निमंत्रण दिले. निमंत्रित जखमी झाल्यावर मलमपट्टीचे पैसे हातावर ठेवणे हा उपकार नव्हे. ते देणे आहे, आणि पुष्कळदा देणे त्याहून मोठे असते. गिऱ्हाईकही ‘नशिबात होते’ म्हणून घरी जाते. नशिबाला नोटीस धाडता येत नाही, दुकानदाराला येते.

माल घेतला असेल किंवा सेवेचे पैसे दिले असतील, तर सेवेतील त्रुटीबद्दल 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येते. हा कायदा तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागू देतो. म्हणजे पुण्याच्या दुकानात खरेदी करताना दुखापत झालेल्या जिंतूरच्या माणसाला परभणीतच तक्रार करता येईल. काही न घेता नुसता आत शिरला असेल त्यालाही दिवाणी न्यायालयाचे दार मोकळे आहे. मात्र दुखापतीत स्वतःचाही हलगर्जीपणा असेल तर भरपाई कमी होते, हेही ध्यानात ठेवावे. पावती, डॉक्टरांचा कागद, जागेचे छायाचित्र आणि साक्षीदार यांची जुळवाजुळव त्याच दिवशी करावी. दुकानात कॅमेरा असेल तर त्याचे चित्रण जपून ठेवा, असे लेखी कळवावे.

व्यापारी बंधूंना आमचे सांगणे थोडे आहे. काचेवर मोठ्यांच्या आणि मुलांच्या अशा दोन्ही उंचीवर ठळक पट्टी लावा. पायरीची कड रंगवा. नालीवरची हलणारी फरशी आजच बसवून घ्या. आपोआप सरकणारे दार असेल तर दुकान उघडताना रोज एकदा स्वतः त्यातून सावकाश चालून पाहा, मध्ये थांबून पाहा. याला खर्च नाही. दोन मिनिटे लागतात.

पेढीवर लक्ष्मीची पूजा आपण भक्तिभावाने करतो. ती येते गिऱ्हाईकाच्या पावलांनी. ती पावले धडधाकट परत जातील एवढे पाहणे, हा त्या पूजेचाच भाग समजावा, इतकीच विनंती.