जुन्या तारा आणि नवी दूरध्वनी यंत्रणा
(शासकीय कचेऱ्यांतील दूरध्वनी-जोडणीसंबंधी भाषणाचा मजकूर)



ग्वाल्हेर हे नाव मराठी माणसाला परके नाही. 1810 मध्ये दौलतराव शिंदे यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि तिचेच पुढे 'लष्कर' नावाचे शहर झाले. जयाजीराव शिंदे यांच्या काळातला मोतीमहाल पुढे 1948 मध्ये स्थापन झालेल्या मध्य भारत राज्याचे सचिवालय बनला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले व राजधानी भोपाळला गेली. तरी महालेखापाल, महसूल मंडळ, भूमि-अभिलेख आयुक्त, परिवहन आयुक्त यांच्या कचेऱ्या ग्वाल्हेरीतच राहिल्या. राजवाड्यांतून व दगडी वाड्यांतून कारभार चालविण्याची परंपरा या शहरात अशी दीर्घ आहे.

अशा इमारतींत नवी दूरध्वनी यंत्रणा बसवावयाची म्हणजे जुन्या तारांचे काय करावयाचे, हा पहिला प्रश्न उभा राहतो. सर्व तारा उपटून टाकाव्यात, असे उत्साही मंडळी म्हणतात. 'चालते आहे, हात लावू नका,' असे अनुभवी मंडळी म्हणतात. दोन्ही सल्ल्यांत थोडे थोडे तथ्य आहे, आणि दोन्ही पुरते पाळले तर नुकसान आहे.

प्रथम जुन्या व्यवस्थेचे मर्म पाहू. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे 1882 च्या जानेवारीत दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. तेव्हापासून एक गोष्ट फारशी बदलली नाही. प्रत्येक दूरध्वनीसाठी तांब्याच्या दोन तारांची एक जोडी लागते. या जोडीवर केंद्रातील बॅटरीचा 48 व्होल्टचा प्रवाह असतो. त्यामुळे गावातील वीज गेली तरी साधा दूरध्वनी बोलत राहतो. घंटी वाजविण्यासाठी मात्र त्याच जोडीवर सुमारे 75 व्होल्टचा उलटसुलट प्रवाह पाठवावा लागतो. 1984 मध्ये ग्राहकाकडील उपकरणांचे उत्पादन खाजगी क्षेत्रास खुले झाले आणि कचेऱ्यांतून 'ईपीएबीएक्स' आले. चालकाने दोऱ्या खोचून जोडणी देण्याचे दिवस संपले, तरी भिंतीवरील जोड्या त्याच राहिल्या.

आजच्या नव्या यंत्रणेत आवाजाचे रूपांतर अंकांत होते आणि तो संगणकाच्या जाळ्यातून जातो. या दूरध्वनीस तांब्याची एक जोडी पुरत नाही. त्याला चार जोड्यांची, ठरावीक पिळाची 'कॅट-5' किंवा त्याहून वरची केबल लागते आणि तिची लांबी 100 मीटरच्या आत ठेवावी लागते. जुनी सपाट किंवा सैल पिळाची तार येथे कामाची नाही. आवाज चालेल, पण संगणकाचे काम अडखळेल. म्हणून 'तार आहेच, तीच जोडा' हा हिशेब येथे फसतो.

मग जुन्या जोड्या निरुपयोगी ठरतात काय? मुळीच नाही. मुख्य खोलीत 'गेटवे' नावाचे एक उपकरण बसविले की त्याच्या एका बाजूस नवे जाळे आणि दुसऱ्या बाजूस जुन्या जोड्या जोडता येतात. शिपायांची खोली, दप्तरखाना, पहारेकऱ्याची चौकी, लांबची गोदामे अशा ठिकाणी साधा दूरध्वनी पुरेसा असतो. तेथे जुनी जोडी आणि जुने यंत्र ठेवावे. जेथे संगणक आहे तेथे नवी केबल न्यावी. दोन इमारतींमध्ये अंतर अधिक असेल, तर प्रकाशतंतूची केबल घ्यावी. पावसाळ्यात वीज कडाडली तरी ती या तंतूतून वाहून येत नाही. अशा मिश्र पद्धतीने खर्च वाचतो. शिवाय रंगचित्रे व सोनेरी नक्षी असलेल्या मोतीमहालासारख्या वास्तूंच्या भिंतींवर घणाचे घाव घालण्याची वेळ टळते. तारेची बचत थोडीफार इतरत्रही करता येईल, पण फुटलेले रंगकाम पुन्हा उभे राहत नाही.

हे काम कोणत्या क्रमाने करावे, हे आता पाहू.

पहिले काम मोजणीचे. मुख्य पेटीत किती जोड्या येतात, त्यांतील किती चालू आहेत, कोणती जोडी कोणत्या खोलीत संपते, हे एका टोकास स्वर सोडून व दुसऱ्या टोकास तो ऐकून शोधावे लागते. प्रचलित वर्णसंकेतात पांढरा, लाल, काळा, पिवळा व जांभळा हे एका तारेचे रंग, तर निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी व करडा हे दुसरीचे. त्यांच्या संयोगातून 25 जोड्या ओळखता येतात. परंतु जुन्या कागदी आवरणाच्या केबलींत हे रंग मिळत नाहीत, आणि मधल्या काळात कोणीतरी वाटेल तशी जोडलेली तारही आढळते. म्हणून डोळ्यांवर विसंबू नये. प्रत्येक जोडीस क्रमांकाची चिठ्ठी बांधावी आणि नोंदवहीत तिची जागा लिहावी. कारागीर निवृत्त होतो, बदलून जातो. नोंदवही कचेरीतच राहते.

दुसरे काम तपासणीचे. अर्धा मिलिमीटर जाडीच्या जोडीचा जाऊन-येऊन रोध एका किलोमीटरला सुमारे 175 ओहम भरतो. याहून फार अधिक आकडा आला तर सांधा सैल आहे किंवा तार गंजली आहे, असे समजावे. जमिनीशी व दुसऱ्या तारेशी असलेले विलगीकरण मेगरने पाहावे, परंतु दोन्ही टोकांची उपकरणे काढून ठेवल्यावरच. नाहीतर मेगरच्या दाबाने ती जळतात. एकाच्या तारेतले बोलणे दुसऱ्याला ऐकू येत असेल, तर बहुधा दोन निरनिराळ्या जोड्यांतली एकेक तार चुकून एकत्र बांधलेली असते.

तिसरे काम जोडणीचे. डाखाच्या जुन्या पट्ट्यांऐवजी 'क्रोन' पट्ट्या बसवाव्यात, विजेपासून रक्षण करणारी साधने लावावीत आणि भूमिगत जोडणी तपासून घ्यावी. घंटीचा 75 व्होल्टचा प्रवाह आणि संगणकाचे जाळे एकाच केबलीत कधीही घेऊ नये. आणखी एक सूचना. फिरत्या तबकडीचे दूरध्वनी तारेतील प्रवाह खंडित करून आकडे पाठवितात. पुष्कळ गेटवे हे आकडे ओळखत नाहीत. अशा यंत्रावर फोन येईल, पण त्यावरून करता येणार नाही. ही गोष्ट आधी पाहावी.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. नव्या यंत्रणेला प्रत्येक टप्प्यावर वीज लागते. बाहेरून येणारी मुख्य लाईन प्रकाशतंतूची असेल, तर तिच्या टोकावरील उपकरणालाही कचेरीतूनच वीज द्यावी लागते. केंद्राच्या बॅटरीचा जुना आधार तेथे संपतो. ऑगस्ट 2021 मध्ये ग्वाल्हेर-चंबळ भागात महापूर आला आणि दतिया जिल्ह्यात सिंध नदीवरील पूल वाहून गेले. अशा वेळी तहसील कचेरीचा किंवा रुग्णालयाचा फोन मुका असेल, तर मदत मागणाऱ्या गावाने काय करावे? म्हणून बॅटरीची पुरेशी तजवीज झाल्याशिवाय व ती प्रत्यक्ष वीज बंद करून तपासल्याशिवाय जुनी लाईन तोडू नये. उद्वाहन, अग्निशमन व नियंत्रण कक्ष यांच्या लाईनी सर्वांत शेवटी हलवाव्यात. आणि लोकांना पाठ असलेले क्रमांक शक्यतो तेच ठेवावेत. गावकऱ्याने भिंतीवर खडूने लिहून ठेवलेला क्रमांक हाच त्याचा शासनाशी असलेला धागा असतो.

सरतेशेवटी टाकाऊ तारांविषयी. तांबे मोलाचे आहे आणि ते शासनाचे, म्हणजे जनतेचे आहे. काढलेल्या तारेचे वजन करून ती जडसंग्रह नोंदवहीत दाखवावी, रीतसर निर्लेखन करावे आणि लिलावाने विकावी. मृत तारा छतात तशाच सोडू नयेत. आग लागल्यास त्यांच्या आवरणाचा धूर माणसाला गुदमरवितो. थोडी तार जवळच्या शाळेस मिळाली, तर शिक्षकांना दोन यंत्रे व एक बॅटरी घेऊन दूरध्वनीचे तत्त्व वर्गातच दाखविता येईल.

यंत्र नवे आले म्हणजे सेवा आपोआप नवी होत नाही. मोजणी, तपासणी, नोंद व सावधगिरी ही कामे माणसांनीच करावयाची असतात. ती झाली, तर जुन्या भिंतीही शाबूत राहतील आणि अडचणीत सापडलेल्या माणसाने केलेला फोन पलीकडे उचललाही जाईल.