हातातली बंदूक आणि कपाटातल्या बंदुका



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांला रस्त्यात थांबवून विचारले, "अहो, शिकारीला बंदी येऊन किती वर्षे झाली! आता बंदुकांवर बोलून कोणाचे भले होणार?" प्रश्न अगदी वाजवी आहे. १९७२ साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि हौसेची शिकार या देशातून गेली ती गेलीच. ती परत यावी असे आम्हांला मुळीच वाटत नाही. परंतु शिकाऱ्यांमध्ये एक जुना वाद आहे, आणि जेथे शिकार अजून कायद्याने चालते तेथे तो आजही रंगतो. वाद असा की, माणसाने प्रत्येक कामासाठी निराळी रायफल बाळगावी, की एकच रायफल घेऊन तिच्याशी जन्माची गाठ बांधावी? हा वाद शिकाऱ्यांचा असला, तरी त्यातला प्रश्न आपल्या सर्वांच्या घरात शिरलेला आहे. म्हणून आम्ही आज तो आपल्यापुढे मांडणार आहोत.

प्रथम अनेक बंदुकांचा पक्ष घेऊ, कारण त्याची बाजू लंगडी नाही. जनावरे सारखी नसतात, रानेही सारखी नसतात. डोंगराच्या एका धारेवरून दुसऱ्या धारेवरचे जंगली बकरे मारायचे, तर गोळी हलकी, वेगवान आणि दूरवर सरळ जाणारी हवी. दाट झाडीत दहा-पंधरा पावलांवर अंगावर येणारा रानरेडा थांबवायचा, तर गोळी जड हवी आणि दुसरा बार तत्काळ हाताशी हवा. आकडेच पाहा. .२७५ बोअरच्या रायफलीची गोळी सुमारे नऊ ते अकरा ग्रॅम वजनाची असते, .४५०/४०० बोअरच्या दोननळीची सुमारे सव्वीस ग्रॅम, आणि .५७७ बोअरची तर जवळजवळ एकोणपन्नास ग्रॅम! सुतार एकाच पटाशीने सगळे काम करीत नाही. मग शिकाऱ्याने का करावे?

या पक्षाच्या लोकांना कधीकधी सरकारनेही हात दिला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी .४५० बोअरची रायफल हिंदुस्थानातील साहेब शिकाऱ्यांची लाडकी होती. परंतु लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकाही त्याच मापाच्या. ही काडतुसे बंडखोरांच्या हाती पडतील या भीतीने सरकारने त्या बोअरच्या आयातीवर बंदी घातली. मग विलायतेतल्या कारागिरांनी .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापे काढली. आपल्याकडे देशी .३१५ बोअरची रायफल प्रचारात आली तीही याच विचाराने, म्हणजे नागरिकाचे काडतूस लष्कराच्या बंदुकीत चालू नये म्हणून. बंदुकीची जात पुष्कळदा जनावराकडे पाहून ठरत नाही, कचेरीकडे पाहून ठरते, हे यावरून ध्यानात यावे.

आता दुसरा पक्ष. इंग्रजी बोलणाऱ्या शिकाऱ्यांत एक म्हण आहे की, ज्याच्यापाशी एकच बंदूक आहे त्याला जपून असावे, कारण ती त्याला चालवता येत असण्याचा संभव फार! यातला विनोद सोडला तर मुद्दा साधा आहे. रायफलीची ओळख म्हणजे नुसते तिचे नाव ठाऊक असणे नव्हे. तिचा दस्ता खांद्याला कोठे टेकतो, गाल कोठे येतो, चाप किती जोराने ओढल्यावर सुटतो, खटका पुढे ढकलायचा की मागे, पुढची माशी मागच्या खाचेत कोठे बसली म्हणजे शंभर यार्डांवर गोळी कोठे लागते, आणि दोनशेंवर ती किती खाली उतरते, हे सगळे डोक्याला ठाऊक असून भागत नाही. ते हाताला ठाऊक असावे लागते. प्रसंग येतो तेव्हा डोक्याला सवड नसते. जे काही व्हायचे ते हातच करतो.

आमच्या लहानपणची एक गोष्ट सांगतो. १९७२ पूर्वीचे दिवस. आमचे आजोळ रत्नागिरी जिल्ह्यात. मामांपाशी परवान्याची बाराबोर दोननळी होती. दोन नळ्या, दोन चाप. पुढचा चाप ओढला की उजवी नळी उडायची, मागचा ओढला की डावी. नाचणी-वरीच्या शेतात रानडुकरे घुसू लागली की गाव हाका घाली आणि मामा वाटेवर बसत. एका वर्षी मुंबईहून एक पाहुणे आले. त्यांच्यापाशी तीन नव्या कोऱ्या रायफली होत्या. त्यांनी मोठ्या प्रेमाने मामांना म्हटले, "आज ही माझी घेऊन बसा, तुमच्या जुन्याला द्या सुट्टी." मामांनाही मोह पडला. हाका सुरू झाला, डुक्कर समोर आले, मामांनी पहिला बार टाकला. डुक्कर कोलमडले, पण पुन्हा उठले. आणि त्या क्षणी मामांचे बोट पंचवीस वर्षांच्या सवयीने मागचा चाप शोधू लागले. तो तेथे नव्हताच. त्या रायफलीला चाप एक. दुसरा बार टाकायचा तर वरची दांडी उचलून, मागे ओढून, पुढे ढकलून नवे काडतूस नळीत घालायचे. हे मामांना सकाळी दाखवले होते. त्यांच्या डोक्याला ते ठाऊकही होते. पण डोक्याने ते बोटाला सांगेपर्यंत डुक्कर करवंदीच्या जाळीत शिरले.

जखमी डुक्कर जाळीत गेले म्हणजे काय होते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. संध्याकाळच्या आत ते शोधणे भाग होते. शोधताना एका हाकाऱ्याच्या मांडीत त्याचा सुळा घुसला. तो गडी वाचला, पण पुढे जन्मभर एक पाय ओढत चालला. त्याच्या घरी भाताची पहिली लावणी करायला मामा स्वतः जात असत, ते शेवटपर्यंत. पाहुण्यांना त्यांनी कधी दोष दिला नाही. "दुसरा चाप शोधत बसलो मी," एवढेच ते म्हणत. ती रायफल वाईट नव्हती. बाराबोरापेक्षा किती तरी सरस होती. पण चांगली वस्तू परक्या हातात पडली म्हणजे तिची किंमत कोणीतरी तिसराच मोजतो, हे आम्ही त्या वर्षी पाहिले.

आपण म्हणाल, ही खेड्यातली गोष्ट झाली. मोठमोठ्या शिकाऱ्यांना असे होत नसेल. तर जिम कॉर्बेट यांचाच दाखला घेऊ. १९०७ साली त्यांनी कुमाऊंत चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ माणसे मांडलेली होती. त्या दिवशी कॉर्बेटनी बरोबर तीनच काडतुसे आणली होती. ती तिन्ही संपली, वाघीण जखमी झाली, पण उभी होती. तेव्हा ते धावत गेले आणि तहसीलदारांच्या हातची बंदूक घेऊन परतले. नेम धरताना त्यांच्या लक्षात आले की त्या जुन्या बंदुकीच्या नळ्या आणि मागचा भाग यांच्यामध्ये चांगली फट पडली आहे; बार आपल्याच तोंडावर उलटण्याचा धोका! नेम धरला होता वाघिणीच्या उघड्या तोंडावर, गोळी लागली पंजाला. आधीच्या जखमांनी ती कोसळली म्हणून निभावले.

त्या पराक्रमाबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन हेवेट यांनी कॉर्बेटना रिग्बी कंपनीची .२७५ बोअरची रायफल भेट दिली. तिच्या दस्त्यावर तसा मजकूर कोरलेली चांदीची पट्टी आहे. ही रायफल त्यांनी वर्षानुवर्षे वापरली. आता दुसरा प्रसंग पाहा. ११ एप्रिल १९३०. चौगडची वाघीण, सरकारी नोंदीप्रमाणे ६४ माणसांचा बळी घेतलेली. कॉर्बेट नाल्यातून चालले होते. डाव्या हातात रातव्याची दोन अंडी, कारण पक्ष्यांची अंडी जमवण्याचा त्यांना नाद होता. उजव्या हातात हलकी रायफल. एका मोठ्या शिळेला वळसा घालून मागे पाहतात तो वाघीण आठ फुटांवर! ती झडप घालण्याच्या बेतात बसलेली, आणि रायफलीचे तोंड भलत्याच दिशेला. एकाच हाताने, अत्यंत सावकाश, वाघिणीला हालचाल जाणवू न देता त्यांनी रायफल जवळजवळ पाऊण फेरा फिरवली आणि बार टाकला. अंडी न फुटता घरट्यात परत गेली. रायफल हलकी होती म्हणून हे साधले, असे कॉर्बेट स्वतःच सांगतात. आम्ही त्यात एवढीच भर घालतो की, ती ओळखीचीही होती. पहिल्या दिवशी हाती घेतलेली रायफल कोणी एका हाताने, न पाहता, तसूतसूने फिरवू शकेल असे आम्हांला वाटत नाही.

परंतु येथे आम्ही एकतर्फी वकिली करणार नाही. याच कॉर्बेटपाशी जेफरी कंपनीची .४५०/४०० बोअरची जड दोननळीही होती. म्हणजे एकपत्नीव्रत त्यांनीही पाळले नाही. त्यांनी दोन कामे ओळखली, दोन रायफली ठेवल्या आणि दोन्ही हाताखाली घातल्या.

एकाच जातीच्या हलक्या रायफलीवर भिस्त ठेवणाऱ्यांचा खरा मेरुमणी म्हणजे आफ्रिकेतला स्कॉटिश शिकारी वॉल्टर बेल. याने हजारावर हत्ती मारले, आणि त्यांतले बहुतेक .२७५ सारख्या हलक्या रायफलीने! आज हा आकडा ऐकून अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. पण आपला प्रश्न कसबाचा आहे. बेलने हत्तीची कवटी चिरून पाहिली होती. हत्ती समोरून, बाजूने, मागून दिसत असता त्याचा मेंदू नेमका कोठे असतो हे त्याने पक्के बसवले होते. रिकाम्या रायफलीने नेम धरण्याचा सरावही तो सतत करी. त्याच्या हाती जी अकरा ग्रॅमची गोळी होती, तिच्यामागे ही सारी विद्या होती.

पुढे काय झाले? बेलचे नाव ऐकून हलक्या रायफली घेऊन हत्तींवर जाणारे निघाले. त्यांनी बेलची रायफल घेतली, बेलचा अभ्यास घेतला नाही. अशाने जनावरे घायाळ होऊन रानात तडफडत मरतात आणि माणसेही मरतात. म्हणूनच आफ्रिकेतील अनेक देशांच्या कायद्यांनी हत्ती, रेडा अशा जनावरांसाठी किमान बोअर ठरवून दिला; बहुतेक ठिकाणी तो .३७५ आहे. तेव्हा "मला हिचीच सवय आहे" ही सबब प्रत्येक वेळी पुरत नाही. सवयीची वस्तू कामाला अपुरी असेल तर तिचा हट्ट धरणे हा आळस झाला. त्याला निष्ठेचे नाव देऊ नये.

तर मग निवाडा काय? आमच्या मते प्रश्न किती बंदुका हा नाही, ऋण कोणाचे हा आहे. शिकारी जेव्हा चाप ओढतो तेव्हा समोरच्या जिवाचे त्याच्यावर एक ऋण असते: मारायचेच असेल तर एका घावात, वेदनेवाचून मार. हाकाऱ्याचेही ऋण असते: मला जखमी जनावराच्या तोंडी देऊ नकोस. ज्या बंदुकीने हे ऋण फिटेल ती बाळगावी. मग ती एक असो वा दोन असोत. कपाटातल्या आठ बंदुकांपैकी जी हाताला ठाऊक नाही, तिने ते फिटत नाही. ती शोभेसाठी ठेवा, तेल पुसा, नातवंडांना दाखवा. तीत काही पाप नाही. रानात मात्र नेऊ नका. नवी घ्यायची तर घ्या, पण आधी तिच्यापाशी महिना-दोन महिने निशाण्याच्या मैदानावर बसा, आणि मग तिला जिवंत प्राण्यासमोर न्या.

आपल्या देशात तर कायद्यानेच हा वाद आटोक्यात आणला आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली पूर्वी माणसाला तीन बंदुका ठेवता येत. २०१९ च्या दुरुस्तीने त्या दोनांवर आल्या. नेमबाजीच्या खेळाडूंना निराळी सवलत आहे, आणि शिकार गेल्यावर रायफलीचे कसब आपल्याकडे उरले आहे ते त्यांच्याचपाशी. आपल्या कोल्हापूरकडच्या तेजस्विनी सावंत २०१० साली पन्नास मीटर रायफलच्या झोपून मारण्याच्या प्रकारात जगज्जेत्या झाल्या. त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. या स्पर्धेत गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभे राहून, असे तीन प्रकारे मारायचे असते. तीन कामे म्हणून खेळाडू तीन रायफली आणत नाही. रायफल एकच; तिचा दस्ता, गालाखालचा आधार आणि खांद्याची पट्टी तो प्रत्येक स्थितीला जुळवून घेतो. इतकेच नव्हे, आपल्या नळीला कोणत्या घाण्यातली काडतुसे मानवतात हेही तो बार टाकटाकून पाहतो. ओळख म्हणायची तर याला!

आणि कॉर्बेट? त्यांनी उतारवयात बंदूक कमी केली आणि चलच्चित्रांचा कॅमेरा हाती घेतला. वाघाचे चित्र टिपायला त्यांनी जुन्याच विद्येवर भिस्त ठेवली: पावलांचे ठसे, वानरांची हाळी, वाऱ्याची दिशा. हत्यार बदलले, पण रानाची ओळख तीच राहिली, म्हणून नवे हत्यारही चालले. १९५५ साली ते केनियात वारले. पुढे कुमाऊंतल्या राष्ट्रीय उद्यानाला त्यांचे नाव दिले गेले.

श्रोतेहो, आपणांपैकी कोणाच्या घरी रायफल असेल असे वाटत नाही. पण घरी गेल्यावर आपापले कपाट जरा उघडून पाहा. एखाद्याकडे चार कॅमेरे निघतील, एखादीकडे सात सुऱ्या, एखाद्या गवयाकडे तीन तंबोरे. त्यातले आपल्या हाताला खरोखर ठाऊक किती, एवढे मोजा. आणि ज्या कामात दुसऱ्याचा जीव, दुसऱ्याचे अंग किंवा दुसऱ्याचे पोट गुंतलेले आहे, त्या कामाला परके हत्यार उचलण्यापूर्वी आमच्या मामांचे ते बोट आठवा, नसलेला चाप शोधणारे.